शिबिरात पाच वर्षांपूर्वीचा पेशंट बसवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

वजन कमी करण्याच्या ऑपरेशनच्या मोफत शिबिराची बातमी आपल्या अंकात आली आणि पाठोपाठ त्यावर एका वाचकांचं पत्रही आलं. बातमीत ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे दोन फोटो होते. पत्राचं म्हणणं असं, की तोंड आवरत नाही म्हणून लोक पोट कापून घेतात, ही सगळी पैसेवाल्यांची थेरं. मी विश्रामबागेत कॉलेजच्या पोरांची खानावळ चालवते आणि २०१९ च्या फेब्रुवारीत मी हे ऑपरेशन करून घेतलं आहे. पैसेवाली नाही. तोंडाचं काय ते पुढे लिहिते.

त्या शिबिराला मी स्वतः गेले होते. माझ्या धाकट्या जाऊबाई तासगाव भागात असतात, वजन ९६, साखर आहे, गुडघे गेलेत. ऑपरेशन करावं का, हे त्यांच्या मनात वर्षभर घोळतंय. “वैनी, तुमी संगट चला,” म्हणाल्या, म्हणून गेले. मंगल कार्यालय भरलं होतं. स्टेजवर बसवलेले पेशंट सगळे सहा महिन्यांचे, फार तर वर्षाच्या आतले. एकीने आपली जुनी सलवार आणली होती आणि तिच्या एकाच पायात दोन्ही पाय घालून दाखवले. टाळ्या पडल्या. मी हात वर करून विचारलं, की ऑपरेशनला पाच वर्षं झालेलं कोणी आलंय का? संयोजक म्हणाले, “ताई, वैयक्तिक प्रश्न चहाच्या वेळी घेऊ.” चहाची वेळ झाली तेव्हा डॉक्टरांची गाडी पुण्याच्या रस्त्याला लागली होती.

सहाव्या महिन्यात मला कुणी स्टेजवर बसवलं असतं, तर मीही टाळ्याच घेतल्या असत्या. तेव्हा रोज काटा खाली जात असतो आणि भूक नावाची चीजच नसते. म्हणून तर त्या पेशंटला काही विचारण्यात अर्थ नाही. माझी मुलगी फार्मसी शिकली आहे. तिने मला स्वीडनमधल्या एका अभ्यासाबद्दल सांगितलं. १९८७ पासून तिथे ऑपरेशन केलेले दोन हजारांवर लोक आणि न केलेले तेवढेच लोक वर्षानुवर्षं तपासत राहिले. २००७ मध्ये निष्कर्ष आला, की ऑपरेशन केलेल्यांत मृत्यूचं प्रमाण कमी होतं. हे मोठंच झालं, आणि ‘थेरं’ म्हणणाऱ्या वाचकांनी ते लक्षात घ्यावं. पण त्याच अभ्यासात असंही दिसलं, की वजन सगळ्यात खाली असतं ते पहिल्या एक-दोन वर्षांत. मग ते हळूहळू चढतं आणि आठ-दहा वर्षांनी कुठेतरी टिकतं. शिबिरात मात्र माणूस उभा करतात तो नेमका त्या खालच्या टोकाचा.

आता तोंड आवरण्याबद्दल. माझी उंची १५५ सेंटिमीटर, वजन ११२ किलो होतं. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, साडेशेहेचाळीसच्या वर. साखर गोळ्यांनी ऐकत नव्हती. रात्री झोपेत श्वास अडकायचा म्हणून नाकाला मशीनचा मास्क लावून झोपत होते, आणि पहाटे पाचला उठून पोरांच्या नाश्त्याची तयारी. आमराईत फिरायला गेले, रात्रीचं जेवण सोडलं, दोनच वेळा जेवायचा प्रयोग केला, नुसत्या पालेभाजीवरही राहिले. दर वेळी आठ-दहा किलो उतरायचे आणि वर्षाच्या आत व्याजासकट परत यायचे. डॉक्टरांनी समजावलं ते पटलं: शरीर आपलं वजन राखायला धडपडतं, कमी खाल्लं की भूक वाढवतं. भूक लावणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक जठराच्या वरच्या भागात जास्त तयार होतं. माझं झालं ते स्लीव्ह ऑपरेशन, त्यात तोच भाग काढून टाकतात. जठराचा पाऊण हिस्सा, कधी त्याहून थोडा जास्त जातो आणि उरतं ते केळ्याच्या आकाराचं पोट. काढलेलं परत जोडता येत नाही. बायपासमध्ये वर छोटी पिशवी करून ती पुढच्या आतड्याला जोडतात, तो आणखी वेगळा प्रकार. शिबिरात या दोन्हींना मिळून “दुर्बिणीचं छोटंसं ऑपरेशन” म्हणत होते. भोकं छोटी असतात, हे खरं आहे.

सासूबाई तेव्हा होत्या. त्यांचं एकच: “देवानं दिल्यालं पोट कापून टाकायचं?” आमचे मालक काही बोलले नाहीत, सही केली आणि बाहेर जाऊन उभे राहिले. खर्च साडेतीन लाखांच्या घरात गेला. पाटल्या मोडल्या आणि भिशी उचलली.

शिबिरात कुणी सांगणार नाही ती गोष्ट माझ्या धंद्यातली आहे. खानावळवाली बाई तिच्या जिभेवर जगते. आमटीत मीठ किती, चटणी किती, गूळ लागेल का, हे मोजमापावर होत नाही, तळहातावर थेंब घेऊन चाटून होतं. ऑपरेशननंतर दोन महिन्यांनी मी कट्ट्यापाशी उभी राहिले आणि फोडणीच्या वासानेच पोट ढवळलं. चवच बदलली होती. गोड किळसवाणं गोड लागायचं, तिखटाचा अंदाज येईना. ज्या कांदा-लसूण चटणीवर माझी खानावळ चालते, ती मी स्वतः कांडून घेते. तिचाच वास सहन होईना. चाखायला घेतलेला चमचाभर रस्सा गिळला तरी छातीत अडकल्यासारखं व्हायचं, म्हणून चाखून थुंकायला लागले. स्वयंपाकघरात थुंकणारी बाई! पोळ्या लाटायला येणाऱ्या बायका एकमेकींकडे बघायच्या. पोरं बोलायची नाहीत, पण ताटात आमटी उरायला लागली. एक पोरगा शेवटी म्हणाला, “काकू, तुम्ही नव्हता तेव्हा बरी असायची.” तो खरंच बोलत होता, माझ्या गैरहजेरीत भाकरीवाली सगुणा-म्हातारी चव बघायची (नाव बदललंय, तिला आवडणार नाही). पुढचे सहा-सात महिने चव तीच बघत होती. जीभ नंतर परत आली, पूर्वीची नाही, जरा वेगळीच. गोड कमी लागतं तिला. पोरं आता माझ्या गोड आमटीची चेष्टा करतात, कारण मी गूळ जास्त घालते.

ऑपरेशन करायला निघालेल्या कुणा स्वयंपाकी बाईला हे आधी कोण सांगतं? मला नव्हतं सांगितलं. त्यांनी आहाराचा छापील तक्ता दिला होता, त्यात ब्रोकोली आणि ग्रीक योगर्ट. सांगलीच्या मंडईत मी ते कुणाला मागू? दिवसाला ६० ग्रॅम तरी प्रथिनं जायला हवीत, आणि अंड्यातून मिळतात सहा. पोटात एका वेळी मावतं वाटीभर. मग मीच माझा तक्ता केला: मुगाचं कढण, हुलग्याचं माडगं, मटणाचा अळणी रस्सा, घट्ट दही, पनीर, अंडी. जेवताना पाणी नाही, जेवणानंतर अर्धा तास नाही, आणि एरवीही घोट-घोट. सांगलीच्या मे महिन्यात चुलीपाशी उभं राहून घटाघटा तांब्याभर पाणी पिता न येणं काय असतं, हे ज्याने त्याने कल्पना करून बघावी. सगळ्यात जास्त मला तेच नडलं.

त्याच वर्षी पूर आला. ऑगस्टात कृष्णा आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेली. आमचं घर गावभागात. गोळ्या, प्रथिनांच्या पावडरीचा डबा, फाईल सगळं पाण्यात. आम्ही एका शाळेत होतो. ट्रकमधून येईल ते खायचं: खिचडी, पोहे, बिस्किटाचे पुडे. खिचडी भराभर खाल्ली की उलटी. वाढणाऱ्या पोरी बिचाऱ्या आग्रह करायच्या. केसांचे पुंजके तर आधीच निघत होते. वजन झपाट्याने उतरताना तीन-सहा महिन्यांनी केस गळतात आणि पुढे बहुधा परत येतात. माझे आले. पण उलट्या थांबेनात. तिथल्या तपासणीत मला पित्ताचं इंजेक्शन मिळालं आणि “दगदग झालीय” म्हणून सांगितलं. मुलीने कसाबसा पुण्याला, ऑपरेशन झालं तिथे, फोन लावला. तिकडून विचारलं, की बी-१ चालू आहे का? या ऑपरेशननंतर सतत उलट्या होत राहिल्या तर ते जीवनसत्त्व संपतं आणि मेंदूला इजा होऊ शकते. मिरजेत इंजेक्शनं मिळाली म्हणून भागलं. त्या तपासणाऱ्या डॉक्टरांचा दोष मी काढत नाही, शंभर माणसांची रांग होती त्यांच्यापुढे. पण पेशंट सांगली जिल्ह्यातले गोळा करायचे, ऑपरेशन पुण्यात करायचं, आणि पुढची उस्तवार ज्याने त्याने इथे करायची, ही रीत मला मान्य नाही.

लोकांचं काय सांगू. जाड होते तेव्हा सल्ले, बारीक झाले तर संशय. “साखर वाढलीय का?” “कुठे गाठबीठ तर नाही ना?” दंडाची कातडी लोंबते, पोटाखालच्या घडीत उन्हाळ्यात पुरळ येतं, त्यासाठी पुन्हा वेगळं ऑपरेशन, आणि ते सौंदर्याचं समजलं जातं म्हणून विमा नाही. लग्नात तर विचारूच नका. आपल्याकडे जेवण वाढणं म्हणजे माया, आणि ताटात टाकणं म्हणजे अपमान. एक जिलेबी, चार चमचे मसालेभात खाऊन हात धुतला की यजमानीण रुसते. माझ्या चुलतबहिणीने तर पुरणपोळीवरून दोन वर्षं बोलणं टाकलं होतं. यावर डॉक्टरकडे औषध नाही, त्यामुळे ते यावर बोलतही नाहीत.

दीड वर्षाने माझं वजन ७८ होतं. आज ८६ आहे. तक्त्याप्रमाणे मी अजून लठ्ठच. चढलं कशाने तेही सांगते, कारण हे सगळ्यांना उपयोगी आहे. छोट्या पोटात भाकरी-भाजी अडते, मटणाचा तुकडा अडतो, पण भडंग अडत नाही. बिस्किट चहात बुडवलं की सरकतं. आईस्क्रीम तर पाण्यासारखं जातं. पोट भरल्याची जाणीवच होत नाही, म्हणून दिवसभर थोडं थोडं जात राहतं, आणि मी तर दिवसभर खाण्याच्या पदार्थांतच असते. साखरेच्या गोळ्या तीन वर्षं बंद होत्या, आता एक परत सुरू आहे. छातीत जळजळ होते, डोक्याखाली दोन उशा घेऊन झोपते. स्लीव्हनंतर हे बऱ्याच जणांना होतं आणि ज्यांना आधीपासून आंबटपाण्याचा त्रास आहे त्यांनी बायपासचा विचार करावा, असं डॉक्टरच सांगतात. मात्र तो मास्क गेला तो गेलाच. वरच्या मजल्यावर गॅसचा सिलिंडर कोण चढवतं म्हणून वाट बघत बसत नाही. मंगल कार्यालयात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसताना आधी तिचे पाय बघत नाही.

तपासणीला जायचे तेव्हा मिरजेचे एक रिक्षावाले भेटायचे. त्यांचा बायपास झाला होता. त्यांचं वजन माझ्यापेक्षा छान उतरलं. पण पाठ दुखते म्हणून ते मेडिकलमधून डायक्लोफिनॅक आणून खात राहिले, तंबाखूही सुटली नव्हती, आणि नव्या जोडाच्या जागी अल्सर झाला. बायपासनंतर ही दुखण्याची औषधं आणि तंबाखू दोन्ही घातक, हे त्यांना म्हणे कागदावर दिलं होतं, इंग्रजीत. दारूही पूर्वीपेक्षा लवकर चढायला लागली, बायपासवाल्यांच्या रक्तात ती झपाट्याने जाते. ते म्हणायचे, “काकी, मी परत जाडा होतो, पण मला आधीचं पोट द्या.” त्यांना मी काय उत्तर देणार?

मला लोक विचारतात, पस्तावा होतो का? ऑपरेशन केल्याचा होत नाही. पूर्वीसारखी राहिले असते तर आज ही खानावळ चालवत नसते, हे मला नक्की ठाऊक आहे. राग येतो. पाच वर्षांनंतरचं जे काही मला ठाऊक आहे, ते एका तासात सांगून होण्यासारखं आहे, आणि तो एक तास माझ्या वाट्याला कुणी दिला नाही.

हे आत्ता लिहायचं कारण आहे. २०१९ च्या सप्टेंबरात, म्हणजे माझ्या पाटल्या मोडून झाल्यावर, विमा नियामक प्राधिकरणाने नियम काढला. वय १८ किंवा जास्त, डॉक्टरांचा सल्ला, बाकीचे उपाय करून झालेले आणि बीएमआय ४० किंवा जास्त असेल, किंवा ३५ पासून पुढे आणि सोबत ताब्यात न येणारा मधुमेह, हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र त्रास असं काही असेल, तर लठ्ठपणाचं ऑपरेशन म्हणून विमा कंपनीला ते सरसकट नाकारता येत नाही. चांगलं झालं, जाऊबाईंना उपयोग होईल. त्यानंतर २०२२ मध्ये या शस्त्रक्रियेच्या दोन मोठ्या संघटनांनी मर्यादा आणखी खाली आणली आणि आशियाई लोकांसाठी २७.५ बीएमआयपासून ऑपरेशन देऊ करावं असं म्हटलं. माझ्या उंचीच्या बाईला हा आकडा म्हणजे ६६ किलो. आमच्या गल्लीतल्या हळदीकुंकवाला वजनकाटा ठेवला, तर निम्म्या बायका पात्र ठरतील. दार एवढं मोठं उघडल्यावर शिबिरं वाढणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

जाऊबाईंचा मुलगा म्हणतो, आता इंजेक्शन आलंय, ऑपरेशन कशाला? २०२५ च्या मार्चमध्ये आपल्याकडे मौंजारो आलं, जूनमध्ये वेगोवी, दोन्ही वजन उतरवणारी इंजेक्शनं. चांगली औषधं आहेत असं मुलगी म्हणते. पण वेगोवीतल्या औषधाच्या चाचणीत, बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनातलं दोन तृतीयांश परत आलं होतं. म्हणजे तेही चालू ठेवायचं. दर महिन्याला पैसे. ऑपरेशनवाल्यांनाही तेच, फक्त ते कुणी बोलून दाखवत नाही: बी-१२, लोह, कॅल्शियम, डी आणि इतर जीवनसत्त्वांच्या गोळ्या जन्मभर, आणि दर वर्षी रक्ताच्या तपासण्या. शाकाहारी घरात बी-१२ आधीच कमी असतं. जाऊबाई माळकरी आहेत. अंडी नाहीत, अळणी रस्सा नाही. त्यांची ६० ग्रॅम प्रथिनं कशातून येणार, हा हिशेब ऑपरेशनच्या आधी मांडायचा की नंतर? आम्ही दोघींनी तो वहीत मांडायला घेतलाय. दूध, ताक, मूग, हरभरा, सोयाबीन, पनीर, पावडर. त्या अजून ठरवत आहेत आणि मी हो किंवा नाही, दोन्ही म्हणणार नाही.

शिबिरं भरवणाऱ्यांना माझं सांगणं आहे. ऑपरेशनला पाच वर्षं होऊन गेलेला पेशंट स्टेजवर बसवा आणि माईक त्याच्या हातात द्या, वजन वाढलेला असला तरी. गोळ्या, तपासण्या, पुढचा खर्च आणि कुठली औषधं खायची नाहीत हे मराठीत लिहून द्या. ज्या जिल्ह्यातून पेशंट नेता, त्या जिल्ह्यात महिन्यातून एक दिवस तरी तुमचा डॉक्टर बसवा. आणि मिरजेत सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे या पेशंटांसाठी आठवड्यातून एक ओपीडी आणि आपल्याकडचं खाणं माहीत असलेली आहारतज्ज्ञ मिळाली, तर अशा शहराबाहेर ऑपरेशन झालेल्यांची मोठी सोय होईल. लोकप्रतिनिधींनी एवढं मनावर घ्यावं.

पाच वर्षांचा पेशंट मिळत नाही, अशी सबब कुणी सांगितली तर मी आहे. माझा फोन नंबर आपल्या कार्यालयात दिला आहे, तो छापू नये, पण शिबिरवाल्यांनी मागितला तर द्यावा. रविवारी बोलावू नये. रविवारी दुपारी पोरांची फीस्ट असते.

आपली,
एक खानावळवाली,
विश्रामबाग, सांगली
(नाव प्रसिद्ध करू नये ही विनंती.)